यंदाच्या आंब्याचं पीठ

मोहाच्या फुलांचा वास सुटला की माझा संशयी स्वभाव जोर धरतो. तशी मी बाराही महिने संशयीच आहे. दूध उतू गेलं तर ओटा पुसायच्या आधी गॅस कुणी मोठा केला ते मी शोधते. पण मार्च सरत येतो, आमच्या मूल गावच्या स्टँडजवळ गडचिरोलीकडून आलेली काळी-पिवळी जीप थांबते, टपावरच्या पोत्यांतून तो वास खाली उतरतो आणि मला दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचाच संशय येऊ लागतो. आंबे संपेपर्यंत तो जात नाही.

हा वासही सरळ नाही. आधी तो उन्हात राहिलेल्या गुळाचा वाटतो, मग त्यामागून काहीतरी आंबट येतं. मी पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासणारी बाई, त्यामुळे त्या फुलांवर कोण येऊन बसलंय आणि साखरेचं काय करतंय ते मला माहीत आहे. डोळ्यांना न दिसणारी ती जमात फुलावर असते, भातावर असते, आपल्या आतड्यात तर गावंच्या गावं करून राहते. आपण जे गिळतो त्यात तिचा पहिला वाटा असतो. हे मी पुस्तकात शिकले होते. त्याचा अर्थ मला अब्बांच्या दुखण्याने शिकवला.

अब्बा चाळीस वर्षं मूलच्या बाजारात शिवणयंत्रावर बसले. सकाळी चहा-टोस्ट, अकराला चहा, दुपारी गिरणीतून पॉलिश होऊन आलेला पांढराशुभ्र भात, चारला पुन्हा चहा. चालणं म्हणजे घर ते दुकान. घसा धरला, पोट बिघडलं की औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने चार कॅप्सूल आणायच्या आणि दोन खाऊन बरं वाटलं की उरलेल्या डब्यात टाकायच्या. पन्नाशीत साखर आली. साठीत मोठ्या आतड्याला सूज आली, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागायचं आणि रक्त पडायचं. अम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांचं पोट हाच आमच्या घरातला मुख्य विषय झाला.

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिवसातून तीन वेळा, दुपारची चुकवायची नाही. मग कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं, की पोटातले उपकारी जंतू कमी झालेत, एकाच प्रकारचं खाऊन, बसून बसून आणि वाटेल तेव्हा कॅप्सूल घेऊन त्यांची वस्ती उठलीय. सूज उतरली की हळूहळू भरडं धान्य, भाज्या, डाळी, आंबवलेलं असं खायला लागा, त्यांना पोसा. अब्बा मान हलवत राहिले. बाहेर येऊन मला म्हणाले, "बेटा, पोटात जंतू हायेत म्हणते डॉक्टर. तं मारायचं सोडून त्याइले पोसाचं काऊन?"

अब्बांचा संशय माझ्यासारखा उडता नव्हता, चांगला मुरलेला होता. त्यांच्या लहानपणी घरात सकाळी बासी असायची, रात्री पाण्यात भिजवलेला भात, वर मीठ आणि कांदा. मग शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं की शिळं खाऊ नये, पाव्हण्यांनी नाक मुरडलं, आणि दुकान चालू लागल्यावर अब्बांनी बासी बंद केली. आता कुणी एवढं शिकलेलं माणूस पुन्हा आंबवलेलं खा म्हणतं, तर आधीचे खोटे की आताचे, असा त्यांचा प्रश्न होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर सगळे ताकच प्या म्हणत होते. अब्बांनी फुंकलंही नाही, पेला सरळ बाजूला ठेवला.

एक गोष्ट मात्र त्यांना हवी होती, आणि ती डॉक्टरांच्या हातात नव्हती. तीन वर्षं त्यांना रमजानचे रोजे धरता आले नव्हते. आजाऱ्याला सूट असते हे त्यांना ठाऊक होतं. बदल्यात ते गरिबाघरी धान्य पोचवत, ठरल्याप्रमाणे. तरी दुपारची गोळी घेताना ते दुकानाचा पडदा ओढून घ्यायचे आणि पाण्याचा ग्लास मशिनीखाली लपवायचे. बाजारात सगळ्यांना माहीत होतं, कुणी काही म्हणत नव्हतं. एकदा मी म्हटलं, एवढं काय लपवायचं. ते म्हणाले, मरायच्या आधी एक महिना पुरा धरू दे, बस. त्यांचा आवाज इतका साधा होता की मला राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

त्याच वर्षी नागपूरच्या एका संस्थेला जंगलातल्या गावांत नमुने गोळा करायला माणूस हवं होतं. जंगलातली माणसं काय खातात, त्यांच्या आतड्यात काय राहतं, आणि शहरगावातल्या साखरवाल्यांच्या, सूजवाल्यांच्या पोटात काय राहत नाही, असा तो अभ्यास होता. तीन महिन्यांचं काम. एटापल्लीला खोली घ्यायची, आठवड्यातून दोनदा एका टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या पाड्यावर जायचं आणि शनिवारी घरी यायचं. नमुना म्हणजे शौचाचा. झाकणाला चमचा लावलेली छोटी डबी, तीवर नंबर, आणि सगळ्या डब्या बर्फाच्या पेटीत. अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी शिवण थांबवली आणि विचारलं की हे लोक त्याचं करणार काय.

टोल्यावरच्या लोकांनीही तेच विचारलं. आष्टीच्या पुढे रस्त्याकडेची पानं धुळीने तांबडी झालेली असत, सूरजागडकडून खनिजाचे ट्रक येत, आणि आमची जीप त्यांना वाट देत बाजूला उभी राहायची. त्या मुलखात डबी घेऊन येणाऱ्या माणसाकडे कुणी कौतुकाने पाहत नाही. पहिल्या बैठकीत मी बराच वेळ बोलले. जैनी नावाची पन्नाशीची बाई, बाजारात जाऊन-येऊन जिला मराठी येत होतं, ती माझं बोलणं माडिया बोलीत सांगत होती. शेवटी तिने डबी हातात घेतली, चमचा काढून पाहिला आणि स्वतःच्या मनातलं बोलली. "पह्यले डब्यात माती नेली, मंग डोंगर नेला. आता हे नेऊन राह्यले. मंग आमचं का नेणार हाये?"

खरं सांगायचं तर मलाही शंका होती. ज्याच्या पोटात चांगलं काही सापडेल, त्याला ते मिळणार की दुकानात बाटलीतून विकलं जाणार? पण मी पगारावर होते. जैनीने एकच अट घातली, जे सापडेल ते आधी येऊन सांगायचं. मी हो म्हटलं. मग पुसू गायता, म्हणजे गावाचा पुजारी, काहीतरी बोलला आणि पहिली डबी जैनीने नेली. जीपमध्ये बसताना त्याच्या बोलण्याचा अर्थ मी जैनीला विचारला. तो म्हणाला होता, नेऊ दे, ते तरी परत उगवतं.

ते दिवस आठवतात तेव्हा आधी तहान आठवते. त्या वर्षी मोह आणि रमजान एकाच वेळी आले होते. मी पहाटे सहरीचं खाऊन निघायची. टोल्यावर पोचेपर्यंत बाया टोपल्या भरून परतत असत. झाडाखालची जमीन आदल्या दिवशीच पाचोळा जाळून काळी करून ठेवलेली, आणि तिच्यावर पडलेली ती फिकट, रसाने फुगलेली फुलं. अंगणात चटयांवर मोह वाळत पडलेला. डोळे मिटले तरी वास तोंडात यायचा आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. शनिवारी घरी आले की अब्बा माझी पिशवी दारातच हुंगायचे. मोह म्हटलं की आमच्या मोहल्ल्यात एकच गोष्ट आठवते, आणि ती पिण्याची असते. मला शपथेवर सांगावं लागायचं की फुलं वाळत होती, मी फक्त शेजारी उभी होते.

ती माणसं खायची काय ते मी रोज वहीत लिहीत असे. सकाळी कोसरीचा जावा, म्हणजे एका बारीक भरड धान्याची पातळ पेज, रात्रीची, किंचित आंबलेली. भाजलेला मोह. चिंच, टेंभरं, सुकी मासळी, लाल मुंग्यांची चटणी. दिवसभर चालणं, वाकणं, चढणं. माझ्या वहीचं एक पान भरायचं आणि अब्बांचा अख्खा आठवडा एका ओळीत बसायचा. मग वाटायचं, हेच कारण. आणि लगेच दुसरा विचार यायचा, की एवढं सोपं असतं तर टोल्यावर कुणी खंगलेलं दिसलं नसतं. पण तिथे हिवताप होता, अशक्त पोरी होत्या, पन्नाशीतली जैनी सत्तरीची दिसत होती. संस्थेतले मोठे सरसुद्धा सांगायचे की सुजेमुळे जंतू उठून जातात की जंतू उठल्यामुळे सूज येते, हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मला ते सर त्या एका वाक्यासाठी आवडायचे.

तिसऱ्या आठवड्यात पाकिटं आली. कोसरी, मोहफूल आणि आंब्याच्या कोयीतला गर असं मिळून केलेलं पीठ. निम्म्या घरांनी रोज एक पाकीट पेजेत टाकून पंधरा दिवस खायचं आणि पुन्हा डबी द्यायची. पाकिटांवर काय काय घातलंय ते लिहिलं होतं, किती दिवस टिकेल ते नव्हतं. आता ही नवी भानगड कशी गळी उतरवायची, या विवंचनेत मी टोल्यावर उभी राहिले आणि बाजारातल्या मुलीसारखी बोलले. म्हटलं, हे काही बाहेरचं नाही, तुमच्याच जंगलातलं आहे, आणि अगदी ताजं, यंदाच्याच आंब्याचं. कोयी गेल्या वर्षीच्या होत्या. पण ताजं म्हटलं की माल उचलला जातो हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं, आणि पाकिटं खरोखरच उचलली गेली.

प्रत्येक घराचं एक कार्ड होतं, पंधरा दिवसांचे पंधरा चौकोन. मी जायची तेव्हा घरं रिकामी असत, सगळे मोहाखाली. पाकिटं कोपऱ्यात दिसत नव्हती, म्हणजे खाल्ली, असं समजून मी खुणा करत गेले. उन्हं चढत, जीपवाला हॉर्न वाजवत असे, घशाला कोरड पडलेली. जिने आयुष्यभर प्रत्येकावर संशय घेतला, तिने तिथे कुणाला एक साधा प्रश्न विचारला नाही.

त्यातली उरलेली पाकिटं मी घरी आणली. चोरी म्हणा हवं तर. अब्बांनी नेहमीप्रमाणे वास घेतला, तोंड वाकडं केलं. मग मी कार्डं दाखवली. म्हटलं, हे बघा, निम्मा टोला रोज खातोय, एकाचंही पोट बिघडलं नाही. अब्बांनी चष्मा लावून एकेक चौकोन पाहिला. डॉक्टरांच्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, औषधाच्या जाहिरातीवर नव्हता. पण माझ्या हाताच्या खुणा होत्या त्या. ज्या मुलीला त्यांनी कापडाचं माप घ्यायला शिकवलं, ती चुकीची खूण करणार नाही, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी पाकीट ठेवून घेतलं.

पुढच्या शनिवारी अब्बांनी इफ्तारच्या वेळी माझ्याबरोबर खजूर तोंडात घातला. चार दिवसांपासून रोजे धरत होते. मी गोळीचं विचारलं, तर दुपारची सहरीला घेतो म्हणाले. चेहरा असा उजळला होता की वय दहा वर्षांनी कमी वाटलं. मीही खूश झाले.

टोल्यावर पंधरावा दिवस आला. मी रिकामी पाकिटं गोळा करायला लवकर पोचले, तेव्हा जैनी घरी होती. तिने मला पुसू गायत्याच्या घरी नेलं. आत, आढ्याला टांगलेल्या एका मोठ्या टोपलीत सगळ्या घरांची सगळी पाकिटं होती, बंद, नीट रचलेली, वरून पळसाची पानं. जैनी मला समजावण्याच्या सुरात बोलली, पोरीला सांगावं तसं.

"तूच बोलली ना बाई, यंदाच्या आंब्याचं हाये म्हणून. यंदाचा आंबा पंडुमच्या आंधी कोणी तोंडाले लावत नाई."

पंडुम म्हणजे त्यांचा सण. नवं फळ, नवं धान्य आधी देवापुढे ठेवायचं, गायत्याने आधी खायचं, मग गावाने. आंब्याचा पंडुम आठ दिवसांवर होता. कैऱ्या डोक्यावर लोंबत होत्या, पोरंसुद्धा त्यांना हात लावत नव्हती, हे मी तीन आठवडे पाहत होते. मी स्वतः पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब न घेता त्या झाडांखाली उभी होते, आणि समोरचा माणूसही काहीतरी पाळून थांबला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांच्या खुणा खोट्या होत्या. कुणाचंच पोट बिघडलं नव्हतं, कारण कुणी खाल्लंच नव्हतं. ते पीठ खाणारा माणूस एकच होता.

शनिवारी मी सांगायचं ठरवून घरी आले. अब्बांनी भजी तळून ठेवली होती, माझ्यासाठी. म्हणाले, अकरावा रोजा. शेजारच्या चाचांना त्यांनी पिठाची तारीफ सांगितली होती. मी पाणी प्यायला आत गेले, तिथे कपाटात गोळ्यांची पट्टी दिसली. भरलेली. मोजायची गरज नव्हती, दुपारचीच नाही, एकही गोळी गेलेली नव्हती. मी नजर फिरवली. उद्या सांगू म्हटलं. रविवारी त्यांनी किती वर्षांनी तरी नवा कुर्ता बेतला, ईदसाठी, आणि मी सोमवारची जीप पकडली.

बुधवारी चाचांचा फोन आला. मी चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा अब्बांना सलाईन लावलेलं होतं, ओठ पांढरे पडलेले. खूप रक्त गेलं होतं. डॉक्टर म्हणाले की गोळ्या अशा एकदम थांबवल्या की सूज उसळते, आणि सुजलेल्या आतड्याला हे भरड पीठ म्हणजे वर आणखी भार. तिसऱ्या दिवशी अब्बा उठून बसले, तेव्हा मी सगळं सांगितलं, टोपलीपासून पट्टीपर्यंत. ते ऐकत राहिले. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "तू खाल्लं होतं का ते पीठ?"

"रोजा होता, अब्बा."

"रोजा संध्याकाळी सुटते, बेटा. मंग?"

मग काही नाही. मी खाल्लं नव्हतं. ज्या पाकिटावर तारीख नाही ते मी तोंडात कशी घालीन? माझा संशय माझ्या स्वतःच्या पोटाशी पुरता जागा होता. बापाला देताना तो कुठे गेला, हे मी अजून शोधते आहे.

संस्थेला मी लिहून दिलं. मोठे सर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की ती घरं अभ्यासातून काढावी लागतील, आणि मलाही. जैनीला सांगायला मी एकदा गेले, की कोयी गेल्या वर्षीच्या होत्या. ती हसली आणि म्हणाली की मग तर आणखीच बरं झालं, खाल्लं नाही ते. डब्यांत काय सापडलं ते तिने विचारलं. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही. संस्थेचं पत्र यायचं आहे.

अब्बा आता तिन्ही गोळ्या घेतात, दुपारची पडदा न ओढता. रोजे सुटले ते सुटलेच. डॉक्टरांनी पुन्हा नाव काढू नका म्हटलंय, तो ईदचा कुर्ता मात्र झाला. सूज उतरल्यावर, विचारून विचारून, हातसडीचा तांदूळ घरात आला, पालेभाजी आली, थोडी आंबील आली. संध्याकाळी ते तळ्यापर्यंत चालतात. साखर जरा खाली आहे. गोळ्यांमुळे, चालण्यामुळे, की पोटातली वस्ती परत वसतेय म्हणून, कोण जाणे. मी कुणाला श्रेय द्यायच्या भानगडीत पडत नाही.

एक नेम मात्र अब्बांनी स्वतःचा घातलाय. घरात जे काही नवं शिजेल, ते आधी मी खायचं. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, भांडं नुसतं माझ्याकडे सरकवतात. पहिले काही दिवस मला स्वयंपाकघरात जाऊन रडू यायचं. आता मी खाते. चाळीस वर्षं लोकांना माप दिलेल्या माणसाने माझं माप घेतलंय आणि ते बरोबर आहे.

आज सकाळी नव्या नाचणीची आंबील केली होती. वाटी त्यांच्यापुढे ठेवली, ती माझ्याकडे आली. मी दोन घोट घेतले. अब्बांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, थोडं थांबले आणि विचारलं, "पोट बरं हाये ना तुहं?"

ही काळजी होती की पडताळा, ते मी विचारलं नाही. बरं आहे, मी म्हटलं. त्यांनी आणखी पाच मिनिटं वाट पाहिली, आणि मग वाटी ओढून घेतली.